२३० वर राहिलेला खटका

बाबांचे एचपी-३५ हे गणकयंत्र, अमेरिकेतील ज्या विद्यापीठात ते शिकले त्याच विद्यापीठाच्या जुन्या वैज्ञानिक उपकरणांच्या संग्रहाला द्यावे, असे आम्ही भावंडांनी ठरवले, तेव्हा दोन-चार ईमेल आणि एक पार्सल एवढ्यात हे काम आटोपेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्याला तेरा महिने लागले. ते महिने वाया गेले असे मला मुळीच वाटत नाही, कारण आमच्या घरात पंचेचाळीस वर्षे असलेल्या वस्तूविषयी मला जे माहीत नव्हते, ते सगळे मला त्या काळात कळले.

बाबा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून स्थापत्य शाखेची पदवी घेऊन १९७० मध्ये पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला गेले, शिक्षण संपल्यावर तिथेच पुलांचे आराखडे करणाऱ्या एका कार्यालयात लागले आणि १९७८ मध्ये आम्हा सर्वांना घेऊन पुण्याला परतले. सामानात हे यंत्र होते. पुढे काही वर्षे त्यांनी ते इथल्या कार्यालयातही वापरले. बॅटरी निकामी झाल्यावर ते कातडी पाकिटात घालून कपाटाच्या वरच्या खणात गेले आणि बाबा गेल्यानंतर आवराआवर करताना माझ्या हाती आले.

संग्रहाला मी पहिले पत्र पाठवले, त्यात अभिमानाने लिहिले होते की हे यंत्र बाबांनी १९७२ मध्ये, बाजारात आल्याआल्या, ३९५ डॉलर देऊन घेतले होते. घरात ही गोष्ट अशीच सांगितली जात असे. आठवड्याभराने अभिरक्षक बाईंचे उत्तर आले. त्यांनी आभार मानले होते, पण या जातीची दोन यंत्रे आपल्याकडे आधीच असल्याचेही स्पष्ट कळवले होते. आणखी एक स्वीकारायचे तर ते कोणी, कुठे, कशासाठी वापरले याचा पुरावा हवा, असे म्हणून त्यांनी एक प्रश्नावली जोडली होती. तिच्यावर एक सूचना ठळक अक्षरांत होती: वस्तू पुसू नका, धुऊ नका, दुरुस्त करू नका, चालू करून पाहू नका. मी त्याच दिवशी दुपारी मऊ फडके आणि स्पिरिट घेऊन बसणार होते.

प्रश्नावलीतले मोजमापाचे प्रश्न सोपे होते. लांबी १४.७ सेंटिमीटर, रुंदी ८.१ सेंटिमीटर, कळा पस्तीस. या पस्तीस कळांवरूनच यंत्राचे नाव पडले. कळांवरचे आकडे अजून स्वच्छ वाचता येतात, कारण ते वरून छापलेले नाहीत. दोन रंगांचे प्लॅस्टिक एकात एक ओतून ते घडवलेले आहेत. मात्र ‘=’ ही कळ यात नाही. तिच्याऐवजी दोन कळांइतकी रुंद ‘एंटर’ कळ आहे. लहानपणी मला याचे फार कोडे वाटे. बाबा समजावून सांगत की या यंत्राला आधी संख्या द्यायच्या आणि मग काय करायचे ते सांगायचे. ३, एंटर, ४, मग अधिक. उत्तर लगेच समोर. ही रीत पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांच्या लेखनपद्धतीवरून घेतलेली असून तिच्यात कंसांची गरज पडत नाही. अमेरिकेत पुष्कळांना ती उलटी वाटे. बाबांना तसे कधीच वाटले नाही, आणि याचे कारण मला आता उमगते असे वाटते: ‘तिनात चार मिळव’ असेच आपण मराठीत म्हणतो, क्रियापद शेवटीच येते.

यंत्राचे महत्त्व काय, असाही एक प्रश्न होता आणि त्यासाठी मला बरेच वाचावे लागले. ह्यूलेट-पॅकार्ड, म्हणजे एचपी, या कंपनीने १९६८ मध्ये ९१००ए नावाचे टेबलावर ठेवायचे गणकयंत्र काढले होते. त्याचे वजन सुमारे १८ किलो होते. बिल ह्यूलेट यांनी आपल्या अभियंत्यांना तेच सामर्थ्य सदऱ्याच्या खिशात मावेल अशा आकारात मागितले. बाजारपेठेचा अंदाज उत्साहवर्धक नसतानाही त्यांनी काम पुढे नेले आणि १९७२ च्या आरंभी एचपी-३५ बाहेर आले. त्याचे वजन सुमारे २५५ ग्रॅम होते. हातात धरायची गणकयंत्रे त्याआधीही होती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी, जेरी मेरिमन आणि जेम्स व्हॅन टॅसल यांनी १९६७ मध्ये ‘कॅल-टेक’ हा नमुना तयार केला होता आणि तो आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. त्याच धाग्यातून १९७० मध्ये कॅननचे पॉकेट्रॉनिक आले, जे उत्तर कागदी फितीवर छापून देई. परंतु ती यंत्रे बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार एवढ्या चार क्रियांची होती. साइन, कोसाइन, लॉगॅरिदम आणि घात हे सगळे खिशातल्या यंत्रात पहिल्यांदा आले ते एचपी-३५ मध्ये. पहिल्या वर्षातच ती सुमारे एक लाख खपली. बाबांच्या पिढीतल्या अभियंत्यासाठी याचा अर्थ फार मोठा होता. तोवर त्यांचे सारे गणित क्लार्कच्या लॉग टेबलवर आणि स्लाइड रूल या सरकत्या पट्टीच्या साधनावर चालत असे, आणि स्लाइड रूलवर तीन आकड्यांपलीकडची अचूकता डोळ्यांवर आणि अंदाजावर अवलंबून असे. इथे दहा आकडे लाल अक्षरांत उजळत.

यंत्र साइन कसे काढते, हेही मी वाचले. आत तक्ता साठवलेला नाही. तेवढी जागाच नव्हती, कारण साऱ्या कार्यक्रमासाठी प्रत्येकी दहा बिटांचे ७६८ शब्द एवढीच स्मृती होती. जॅक व्होल्डर यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘कॉर्डिक’ पद्धत डेव्हिड कॉक्रन यांनी या यंत्रासाठी बसवली. दिलेला कोन ठरावीक लहान लहान कोनांच्या वळणांनी गाठायचा आणि प्रत्येक वळण केवळ बेरीज, वजाबाकी आणि आकडे सरकवणे एवढ्यावर निभवायचे, अशी ती युक्ती आहे. तीस अंशांचे साइन विचारल्यावर आकडे क्षणभर लुकलुकत आणि मग ०.५ उमटे, ते लुकलुकणे मला आठवते. त्यामागे काय चालले होते ते मला त्या वर्षी, वयाच्या पन्नाशीनंतर, कळले.

खरी अडचण ‘कधी घेतले’ या प्रश्नाने आणली. अभिरक्षक बाईंनी अनुक्रमांक मागितला होता. मी तो उतरवून पाठवला. त्याची सुरुवात १३२८ने होती आणि पुढे ‘ए’ हे अक्षर होते. त्यांनी उलगडून सांगितले की या कंपनीच्या पद्धतीत पहिल्या दोन आकड्यांत १९६० मिळवले की वर्ष मिळते, पुढचे दोन आकडे त्या वर्षातला आठवडा सांगतात आणि ‘ए’ म्हणजे अमेरिकेत बनलेले. म्हणजे आमचे यंत्र १९७३ च्या अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या, जुलैच्या सुमाराचे. ते १९७२ मध्ये विकत घेतलेले असणे शक्यच नव्हते.

मला वाईट वाटले, हे मान्य केले पाहिजे. घरची गोष्ट चुकीची ठरल्यामुळे जणू बाबाच खोटे ठरले, असे काहीसे त्या संध्याकाळी वाटत राहिले. मग मी यंत्रासोबतची पुस्तिका पुन्हा पानापानाने चाळली आणि मागच्या मुखपृष्ठाच्या आत दुमडून ठेवलेली पावती सापडली. तारीख सप्टेंबर १९७३ ची आणि किंमत २९५ डॉलर. तेही जुळत होते, कारण त्या वर्षी एचपी-४५ हे पुढचे यंत्र ३९५ डॉलरला आले आणि एचपी-३५ ची किंमत शंभर डॉलरनी उतरली. मी आईला विचारले. ती म्हणाली, “अगं, ७२ साली त्यांनी ते दुकानात पाहिलं होतं. वर्षभर रोज त्याचंच बोलणं. किंमत उतरली तेव्हा घेतलं.” पाहिल्याचे वर्ष आणि घेतल्याचे वर्ष आमच्या सांगण्यात एक होऊन गेले होते, आणि पाहिल्या दिवशीची किंमत घेतल्याच्या दिवशी येऊन चिकटली होती. वर्षभर थांबून, किंमत उतरल्यावर घेणारे बाबा मला अधिक ओळखीचे वाटले. संग्रहाला मी दुरुस्त माहिती, आईचे सांगणे आणि पावतीचे छायाचित्र पाठवले. या पत्रव्यवहाराचा सूर बदलला तो त्या पत्रापासून, असे मला वाटते.

याच संदर्भात बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली: २.०२ या संख्येविषयी बाबा कधी काही बोलले होते का? सुरुवातीच्या एचपी-३५ यंत्रांत एक दोष होता. २.०२ चा नैसर्गिक लॉगॅरिदम काढून ‘ई’ या संख्येचा तेवढा घात घेतला तर परत २.०२ यायला हवे, पण उत्तर २ येई. कंपनीने तो दोष ग्राहकांना कळवून यंत्रे बदलून देण्याची तयारी दाखवली होती. आमचे यंत्र त्यानंतरचे. बाबांकडून ही संख्या मी कधी ऐकली नव्हती. १९७२ चा हट्ट मी धरून बसले असते तर या प्रश्नाचे उत्तरही चुकीच्या दिशेला गेले असते, हे मला तेव्हा जाणवले.

त्यानंतर बॅटरीचा प्रश्न आला. मागचे झाकण उघडल्यावर आत पांढरी भुकटी जमलेली दिसली आणि एका संपर्कपट्टीवर हिरवट थर होता. मी हातमोजे न घालता बोट लावले. छायाचित्रे पाहून संग्रहाच्या जतनतज्ज्ञांनी तातडीने कळवले की आता झाकण बंद करून हात साबणाने धुवा. त्या डब्यात निकेल-कॅडमियमचे तीन सेल असतात. ते फुटले की आतले पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचे पांढरे कार्बोनेट बनते आणि ते तांब्याच्या पट्ट्यांवरून हळूहळू आत सरकत जाते. कॅडमियम विषारी आहे. शिवाय असे गळलेले सेल विमानातून नेता येत नाहीत, आणि मी तर यंत्र स्वतः घेऊन जायचे ठरवले होते, कारण धाकटा भाऊ तिकडेच असतो आणि त्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे जाणार होते.

‘दुरुस्त करू नका’ ही सूचना या एका बाबतीत त्यांनी लेखी शिथिल केली. सेल काढायचे, पण ज्या प्लॅस्टिकच्या कवचात ते बसवलेले असतात ते फेकायचे नाही, आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यायचे. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची जी दाटी आहे, तिथे चाळीस वर्षे रेडिओ आणि मोजमापाची उपकरणे दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना मी सगळी पत्रे दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि सांगितले, “ताई, आतलं उघडायचं नाही. स्क्रू मागच्या लेबलखाली आहेत, लेबल काढलं की ते फाटणार. आपण फक्त डबा काढू.” जतनतज्ज्ञांनी नेमके हेच लिहिले होते. हातमोजे घालून त्यांनी कवच उकलले, सेल वेगळे करून बंद डब्यात ठेवले, कवचातील भुकटी कोरड्या मऊ कुंच्याने झाडली आणि पट्ट्यांना हात लावला नाही. ते काम तिकडच्यांनी करायचे होते. सेल मी ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर दिले आणि त्याची पावती फाइलला लावली. यंत्राला चार्जर जोडून पाहण्याचा मोह माझ्याबरोबर आलेल्या भाच्याला झाला, तेव्हा त्या गृहस्थांनीच त्याला थांबवले. ‘चालू करून पाहू नका’ ही सूचना अजून लागू होतीच.

वस्तू देशाबाहेर नेण्याविषयीही मी चौकशी केली. आपला पुरावस्तू कायदा १९७२ चा आहे, पण तो साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो; त्यामुळे परवानगीचा प्रश्न आला नाही. विमानतळावर सुरक्षा तपासणीत डबा एकदा उघडावा लागला, एवढेच.

विद्यापीठातली भेट तीन तासांची होती. एका लांब टेबलावर पांढरा फोम अंथरला होता. अभिरक्षक बाई आणि जतनतज्ज्ञ यांनी प्रत्येक वस्तू वेगळी मांडली: यंत्र, कातडी पाकीट, चार्जर, सेलचे रिकामे कवच, पुस्तिका, पावती. त्यांच्या संग्रहातले एक एचपी-३५ त्यांनी शेजारी आणून ठेवले. ते आमच्यापेक्षा कितीतरी चकचकीत होते, पण ते कोणी वापरले याची त्यांच्याकडे एक ओळही नव्हती.

पाकिटातून एक दुमडलेला कागद निघाला. मी तो नीट पाहिला नव्हता. मला ती जुनी बिले वाटली होती. उलगडला तर बाबांचे अक्षर. पुण्याच्या कार्यालयातल्या कनिष्ठ सहकाऱ्यांसाठी त्यांनी यंत्र कसे वापरायचे ते मराठीत लिहून ठेवले होते. पहिली ओळ होती: ‘आधी संख्या, मग क्रिया. बरोबरचे चिन्ह शोधू नये.’ त्याखाली काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढण्याची रीत: ३, एंटर, गुणिले, ४, एंटर, गुणिले, अधिक, वर्गमूळ, उत्तर ५. या यंत्रात वर्गाची कळ नाही, म्हणून एंटर दाबून तीच संख्या दोनदा घ्यायची आणि गुणायची, ही युक्ती त्यांनी अधोरेखित केली होती. सर्वांत खाली लिहिले होते: ‘कोन अंशांतच द्यावा.’ मी तिथे बसून ओळीओळीने भाषांतर सांगितले आणि बाईंनी ते टिपून घेतले. एका ओळीवर मी अडखळले, कारण ‘हातचा’ या शब्दाला नेमका प्रतिशब्द सुचेना. त्या म्हणाल्या की मूळ शब्द तसाच ठेवू आणि अर्थ टीपेत देऊ.

जतनतज्ज्ञ तेवढ्यात चार्जर पाहत होते. त्यावर ११५ आणि २३० व्होल्ट असा सरकता खटका असतो. त्यांनी विचारले की हा २३० वर का आहे, अमेरिकेत तर तो ११५ वर असायला हवा. मला आधी प्रश्नच कळला नाही. मग लक्षात आले. हे यंत्र शेवटचे चार्ज झाले ते आमच्या पुण्याच्या घरात, बाबांच्या टेबलाजवळच्या सॉकेटवर. खटका तेव्हापासून तसाच होता. चार्जरसोबत बेकेलाइटचा एक तपकिरी अ‍ॅडॅप्टर होता, अमेरिकी चपट्या पिना आपल्या गोल भोकांत बसाव्यात म्हणून घेतलेला. तो मी निघताना जवळजवळ घरीच ठेवला होता, ती मूळ वस्तू नव्हे म्हणून. तोही टेबलावर मांडला गेला. जतनतज्ज्ञांनी खटक्यावर कापसाच्या धाग्याने एक चिठ्ठी बांधली: या स्थितीतून हलवू नये.

यंत्र चालू करून पाहायचे का, यावर मी मनात आशा धरून होते. नव्या सेलवर ते उजळण्याची शक्यता होती, असे जतनतज्ज्ञही म्हणाले. परंतु क्षार आत कुठवर पोहोचले आहेत ते लेबल न काढता पाहता येत नाही, आणि एकदा शॉर्ट झाले तर आतल्या चिपा पुन्हा मिळायच्या नाहीत. त्यांनी निर्णय माझ्यावर लादला नाही. कारणे सांगितली आणि थांबले. मी नको म्हणाले. ते लाल आकडे पुन्हा पाहायला मिळाले असते तर मला फार आनंद झाला असता, पण त्या आनंदासाठी यंत्र पणाला लावण्याचा अधिकार मला आहे असे वाटले नाही.

दानपत्र दोन पानांचे होते. मालकी पूर्णपणे संग्रहाकडे जाते, वस्तू प्रदर्शनात ठेवली जाईलच असे आश्वासन नाही आणि ती परत मागता येणार नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. आईची आणि भावाची लेखी संमती मी बरोबर नेली होती. बाबांच्या कागदावरच्या मजकुराचे हक्क वेगळे द्यावे लागतात, हे मला नवीन होते. तिथेही सही केली. पुढे प्रत्येक वस्तूला स्वतंत्र नोंदक्रमांक मिळाला. वर्ष आणि दानाचा क्रमांक सर्वांना समान, आणि शेवटी १ ते ८. अ‍ॅडॅप्टर चौथा आहे, बाबांचा कागद सहावा.

चार महिन्यांनी त्यांच्या सूचीत नोंद दिसू लागली. निर्मिती १९७३, खरेदी सप्टेंबर १९७३, वापर अमेरिका आणि पुणे. स्थिती ठीक, चालवून पाहिलेले नाही. चार्जरचा खटका २३० वर, शेवटच्या वापराचा पुरावा म्हणून तसाच ठेवला आहे. सहाव्या वस्तूपुढे मात्र ‘हस्तलिखित सूचना, भाषा हिंदी’ असे लिहिले गेले होते. मी त्याच रात्री बाईंना कळवले. तिसऱ्या दिवशी त्यांचे उत्तर आले आणि नोंद उघडून पाहिली, तर तिथे ‘मराठी’ असे झाले होते.